दिवाळी अंकांची भिशी: बारा घरं, अठरा अंक, बारा फेऱ्या

एका घरात चार दिवाळी अंक येतात. त्यातले दोन मनापासून वाचले जातात, तिसरा चाळला जातो आणि चौथा मार्चमध्ये रद्दीच्या गठ्ठ्यात सापडतो. शेजारच्या घरातही चार येतात आणि त्यातले दोन तेच असतात. अशा बारा घरांनी पैसे एकत्र केले, तर त्याच खर्चात किंवा त्याहून कमी खर्चात प्रत्येकाच्या हातात बारा वेगळे अंक पडू शकतात. सोसायटीत, वाड्यात, बँकेच्या शाखेत, शिक्षकांच्या खोलीत ही भिशी दरवर्षी कुठे ना कुठे सुरू होते आणि बऱ्याचदा जानेवारीत बंद पडते. पैसे कमी पडले म्हणून किंवा अंक कंटाळवाणे निघाले म्हणून भिशी बंद पडल्याचं क्वचितच दिसतं. एखादा अंक कुणाकडे तरी अडकतो, त्याच्यामागे दुसरा अडकतो आणि मग विचारायचा संकोच सगळ्यांनाच वाटतो. म्हणून खालच्या बहुतेक सूचना अंक हलता ठेवण्यासाठी आहेत.

आधी एक पर्याय तपासा. गावात चालतं वाचनालय असेल आणि त्यांची दिवाळी अंक योजना असेल, तर तिथे नाव घालणं सगळ्यात स्वस्त पडतं. तिथले अंक तुमच्या भिशीच्या कितीतरी पट असतात. पण वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, घरात जिना न उतरणारे आजी-आजोबा असतील किंवा वाचलेल्याबद्दल कुणाशी तरी बोलायची हौस असेल, तर भिशीच बरी. बंगळुरू, हैदराबाद, इंदूर इथल्या मराठी घरांना तर बहुतेक वेळा हाच मार्ग उरतो.

हिशेब आधी

घरं बारा घ्या. आठच्या खाली गेलात तर वर्गणी जड होते, पंधराच्या वर गेलात तर वही सांभाळणाऱ्याचा जीव जातो. बारा या आकड्याला आणखी एक कारण आहे, ते फेऱ्यांच्या भागात येईल.

अंक अठरा, म्हणजे घरांच्या दीडपट. बारा घरांत बारा अंक असताना सहा एका ठरलेल्या घरच्या कपाटात राहतात. हे सहा वाया गेलेले नाहीत. कुणी गावाला गेलं, कुणाचा अंक वेळेवर आला नाही, तर रिकाम्या हाती परतायची पाळी या सहांमुळे कुणावर येत नाही. घरांइतकेच अंक घेणाऱ्या मंडळींची भिशी पहिल्या उशिरालाच लंगडते.

अंकाची किंमत सरासरी ३०० रुपये धरा. अठरांचे झाले ५,४००. घरटी ५०० रुपये वर्गणी घेतली तर ६,००० जमतात. उरलेल्या ६०० रुपयांत कव्हरचं प्लास्टिक, लेबलं, पाकिटं, चिकटपट्टी आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. यादीत गुळगुळीत कागदाचे रंगीत अंक जास्त असतील तर वर्गणी ६०० करा. बैठकीच्या चहाचा खर्च या पैशांतून करू नका. हिशेबाची भांडणं हटकून चहापाशी सुरू होतात, तीनशेच्या अंकापाशी नाही.

आता वेळ. दोनशे पानांच्या अंकातून जाहिराती आणि राशिभविष्य वगळलं तर दीडशे-एकशेसाठ पानं मजकूर उरतो. पानाला साडेचारशे शब्द धरले तर हे सत्तर हजारांच्या आसपास जातं. मिनिटाला दीडशे-दोनशे शब्दांच्या निवांत वेगाने त्याला सहा ते आठ तास लागतात. रोज अर्धा तास वाचणारा दहा दिवसांत पाच तास वाचतो, म्हणजे अंकाचा दोन तृतीयांश भाग. तेवढा पुरे. पूर्ण अंक वाचायचाच असा हट्ट धरला की पंधरा दिवस लागतात आणि पंधरा दिवसांची मुदत दिली की लोक पहिले दहा दिवस अंक उघडतच नाहीत.

म्हणून मुदत दहा दिवसांची आणि बदलाच्या तारखा पक्क्या: दर महिन्याची १, ११ आणि २१, संध्याकाळी सात ते आठ. वाराऐवजी तारीख ठेवली की पाठ राहते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. फराळ, पाहुणे, भाऊबीज आवरून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, २१ नोव्हेंबरला पहिलं वाटप ठेवा. तिथून बारावं वाटप ११ मार्चला येतं आणि २१ मार्चला, होळीच्या सुमारास, सगळे अंक परत. फक्त २१ फेब्रुवारी ते १ मार्च ही फेरी आठच दिवसांची होते. त्या वेळी कपाटातले सडपातळ अंक पुढे ठेवा.

यादी: कोजागरीच्या रात्री, दुधासोबत

माणसं गोळा करायला १५ ऑक्टोबर बरा. डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो, शाळा-कार्यालयांत पुस्तकांचा विषय निघालेलाच असतो. यादी मात्र कोजागरीला ठरवा. मंडळी जागीच असतात आणि मसाला दूध आटेपर्यंत अठरा नावं होतात.

प्रत्येकाने आपल्या आवडीचे पाच अंक सांगायचे ही नेहमीची पद्धत फसते. सगळे तीच सात-आठ नावं सांगतात आणि उरलेले दहा कुणीतरी घाईघाईत भरतो. त्याऐवजी आधी खाने पाडा आणि मग नावं घाला. आमच्या मते सहा अंक कथा-कविता-ललित लेखनाचे हवेत. 'मौज', 'दीपावली', 'हंस', 'अक्षर' हे या खान्यातले ओळखीचे. पण सहांपैकी दोन तरी असे घ्या, ज्यांचं नाव निम्म्या घरांनी ऐकलेलं नाही. तीन अंक विचार, समाज, रिपोर्ताज या वळणाचे. 'साधना'सारखे अंक इथे येतात. विनोदाचे दोन घ्या, त्यात 'आवाज' बहुतेक ठिकाणी न विचारता येतोच. रहस्य-गूढ-विज्ञानकथांचे दोन, 'धनंजय' हा त्यातला नेमाने मागितला जाणारा. मुलांसाठी दोन: बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून निघतो आणि 'साधना'चा बालकुमार अंक मोठी माणसंही चोरून वाचतात. एक अंक एकाच विषयाला वाहिलेला घ्या, प्रवास, संगीत, इतिहास, काहीही. एक मुंबई-पुण्याबाहेरचा: कोल्हापूर, नागपूर, गोवा, बेळगाव, जिथलं कुणी मंडळात असेल तिथला. अठरावा फर्माईशीचा. ज्याची फर्माईश पूर्ण झाली त्याला पुढच्या वर्षी मागता येणार नाही.

पाककृती आणि ज्योतिषाच्या स्वतंत्र अंकांवरून वाद होईल. ज्यांना हवेत त्यांनी ते स्वतःसाठी घ्यावेत. पाककृतीचा अंक दहा दिवसांत परत येत नाही, तो ओट्यावर राहतो. भविष्याचा पहिल्या संध्याकाळी वाचून होतो आणि पुढचे नऊ दिवस नुसता पडून असतो. राशिभविष्य तसंही बऱ्याच अंकांच्या शेवटच्या पानांत मिळतंच.

खरेदी दोन खेपांत

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मासिकांत आणि पुस्तकांच्या दुकानांत प्रकाशनपूर्व सवलतीच्या आणि संचांच्या जाहिराती येतात. संच स्वस्त दिसतो, पण त्यातल्या दहांत चार अंक तुमच्या यादीबाहेरचे असतात. सवलत काढून हिशेब करा: दहाचा संच अडीच हजारांना मिळाला आणि कामाचे सहाच निघाले, तर एक अंक चारशेहून महाग पडला. विक्रेत्याला तुमची यादी दाखवून सुटे अंक एकत्र घेतल्यावर काय सूट देता ते विचारा. एकाच बिलात बारा अंक घेणाऱ्याला बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत.

पहिल्या खेपेत बारा अंक घ्या आणि त्यात छोट्या प्रतसंख्येचे साहित्यिक अंक आधी. ते संपले की संपले. खपाचे अंक स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरही दिवाळीनंतर आठवडाभर असतात. उरलेले सहा दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी घ्या. काही अंक दरवर्षी उशिरानेच येतात, काही यंदा निघतच नाहीत आणि एखादा अनपेक्षितपणे चांगला निघाल्याची चर्चा तोवर सुरू झालेली असते. सगळे पैसे पहिल्या दिवशी संपवणाऱ्याला हा अंक मिळत नाही.

दुकानात प्रत्येक प्रत उघडून बघा. छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत होत असेल तर चूकही फर्म्यानेच होते: ३२ नंतर थेट ४९ येतं किंवा १७ ते ३२ पानं दोनदा येतात. म्हणून प्रत्येक पान नको, १६, ३२, ४८ या जोडांपाशी पानांचे आकडे बघितले की पुरे. मधे एखादं पान कोरं किंवा दुहेरी छापलेलं नाही ना, तेही दिसतं. मग बांधणी. पिनांची असेल तर मधल्या पानावर पिना दोन्हीकडे नीट वळलेल्या आहेत का ते बोटाने चाचपा. गोंदाची असेल तर कण्याकडे कान देऊन अंक हळूच उघडा. करकर आवाज आला तर गोंद कडक आहे आणि चौथ्या-पाचव्या घरात पानं सुटायला लागतील. बिल जपून ठेवा. सदोष प्रत बदलून मिळते, पण कव्हर घातल्यावर आणि नाव टाकल्यावर नाही.

कव्हर, क्रमांक, पाकीट

तपकिरी कागदाचं कव्हर घालू नका. मुखपृष्ठ झाकलं की कपाटातून कुणी तो अंक उचलत नाही. १९४५ मध्ये चित्रकार दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला, तेव्हापासून मराठी घरांनी कितीतरी मुखपृष्ठं कापून भिंतीवर लावली आहेत, ती काय ब्राउन पेपरखाली ठेवायला? पारदर्शक प्लास्टिक घ्या. बहुतेक अंक साधारण सव्वासात इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच असतात. दोन्ही बाजूंची रुंदी साडेचौदा, कणा अर्धा, आत वळवायला दोन्हीकडे अडीच-अडीच, म्हणजे वीस इंच लांब आणि साडेनऊ इंच उंच पट्टा. कण्यावर किंचित सैल ठेवा. घट्ट कव्हराने अंक उघडताना मुखपृष्ठच पिनांपासून निघतं. चिकटपट्टी प्लास्टिकवर प्लास्टिक अशीच लावायची. मुखपृष्ठाला लावलेली पट्टी काढताना रंग घेऊन येते.

डाव्या वरच्या कोपऱ्यात भडक केशरी लेबल आणि त्यावर १ ते १८ क्रमांक. केशरी रंग हौसेचा नाही. भिशीतले अंक कायमचे हरवण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सरकतात आणि रद्दीवाल्याबरोबर जातात. गठ्ठ्याच्या कडेने केशरी कोपरा दिसला की हात थांबतो.

मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकवर, एक छोटं पाकीट चिकटवा. त्यात चिठ्ठी राहील.

फेऱ्या: मानाचे चार आणि खुले चौदा

अंक फिरवायच्या दोन पद्धती आहेत. साखळीत पहिलं घर दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. वही लागत नाही, पण तिसरं घर वीस दिवस गावी गेलं की त्यांच्या दाराशी तीन अंक साठतात आणि चौथं घर उपाशी. कपाट पद्धतीत सगळे एका घरी अंक परत करतात आणि दुसरा निवडतात. इथे निवड मिळते, पण गाजलेल्या अंकांसाठी दर वेळी चढाओढ होते आणि संध्याकाळी सातला दारात उभे राहणारे तेच ते जिंकतात.

दोन्ही मिसळा. अठरांतले सगळ्यात जास्त मागणीचे चार अंक मानाचे ठरवा, त्यांना निवड नाही. घरांना १ ते १२ क्रमांक द्या. पहिल्या फेरीत मानाचे चार अंक घर १, ४, ७ आणि १० कडे जातील, पुढच्या फेरीत २, ५, ८, ११ कडे, मग ३, ६, ९, १२ कडे, आणि असंच एकेक घर पुढे. बारा फेऱ्यांत हे चारही अंक बाराही घरांत एकदाच जातात आणि प्रत्येक घराला दर तिसऱ्या फेरीला एक मानाचा अंक मिळतो. घरं बारा ठेवायचं कारण हेच. उरलेल्या आठ फेऱ्यांत प्रत्येकाने खुल्या चौदांतून निवडायचं. कुणी आधी निवडायचं हेही फिरतं ठेवा: पहिल्या फेरीत घर १ पासून सुरुवात, दुसरीत घर २ पासून. कुणी आलं नाही तर साडेसातपर्यंत थांबा, मग पुढच्याला द्या.

वहीत पानंच्या पानं नोंदी करू नका. एका आडव्या पानावर तक्ता आखा. डावीकडे उभे अठरा अंक, वर आडव्या बारा तारखा. प्रत्येक चौकोनात ज्या घरी अंक गेला त्याचा क्रमांक, कपाटात असेल तर 'क'. मानाच्या चार ओळी आधीच शाईने भरून ठेवा. या तक्त्यात एकाच ओळीत शेजारी शेजारी तोच घरक्रमांक आला की अंक अडकलाय हे लांबूनही दिसतं. तक्त्याचा फोटो दर वाटपाच्या रात्री ग्रुपवर टाका. नाव घेऊन तगादा लावायची गरज पडत नाही. ज्याचा आकडा दोनदा दिसतो तो स्वतःच दुसऱ्या दिवशी दार वाजवतो.

चिठ्ठी

भिशी नुसती काटकसरीची राहते की वाचणाऱ्यांची होते, हे या चिठ्ठीवर ठरतं. वहीच्या पानाचा अर्धा तुकडा, पाकिटात ठेवलेला. अंक परत करताना प्रत्येकाने त्यावर तीन ओळी लिहायच्या: काय आधी वाचावं, काय सोडलं तरी चालेल आणि हे कुणाला आवडेल. पान क्रमांकासह.

"छान अंक, वाचनीय" ही ओळ कुणाच्याच उपयोगाची नाही. अशी हवी: "पान ८४ ची कथा. पहिली दोन पानं संथ, पण सासूबाई डबा उघडतात तिथून पुढे खाली ठेवता येत नाही. पान १३० चा परिसंवाद सोडा, पाचही जण एकच सांगतात. १५२ च्या कविता नववी-दहावीतल्या मुलांना द्या." पुढच्या वाचणाऱ्याचा यात तासभर वाचतो आणि ज्याला परिसंवाद आवडला तो हमखास खाली उलट मत लिहितो. तिथून मजा सुरू होते.

नियम दोनच. रहस्यकथेचा शेवट चिठ्ठीवर फुटला तर लिहिणाऱ्याने पुढच्या बैठकीला भजी आणायची. आणि पहिल्या फेरीत चिठ्ठी कोरी ठेवायची नाही, कारण कोऱ्या चिठ्ठीवर पहिलं वाक्य लिहायला प्रत्येकजण लाजतो. पहिल्या वाटपाच्या आधी वहीवाल्याने प्रत्येक चिठ्ठीवर अनुक्रमणिका बघून एक ओळ तरी लिहून ठेवावी.

हातात आल्यावर

अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घेतला की संपादकीय आणि पहिला दीर्घ लेख यांतच तीन दिवस जातात. पहिल्या संध्याकाळी फक्त अनुक्रमणिका आणि चिठ्ठी बघा, वीस मिनिटं. वाचायच्या मजकुरापुढे पेन्सिलीने बारीक टिंब द्या, एवढीच खूण चालते. परत करताना ती पुसायची. मग ओळखीच्या लेखकाचं एक, अनोळखी लेखकाचं एक, असं आलटूनपालटून घ्या. फक्त ओळखीचीच नावं वाचणाऱ्याला अठराही अंक सारखेच वाटू लागतात, कारण तीच नावं चार-चार अंकांत असतात. दीर्घ लेख सुट्टीच्या सकाळी. कविता एका बैठकीत दोन-तीनच, सलग दहा वाचल्या तर एकही लक्षात राहत नाही. सातव्या दिवशी थांबून बघा: जे अजून सुरू केलेलं नाही ते आता होणार नाही. त्यातलं एकच निवडा.

शब्दकोड्यावरून मैत्री तुटलेली आहे. अंकावर भरू नका. फोटो काढून छापून घ्या किंवा वर ट्रेसिंग पेपर ठेवून सोडवा. पाककृतीचंही तसंच: मोबाइलवर फोटो काढा, पान कापू नका. पण कथा-लेखांचे फोटो किंवा अख्ख्या अंकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. एक प्रत बारा घरांत फिरते तिथे प्रकाशकाची एक प्रत खपलेली असते. पीडीएफ फिरते तिथे तेवढीही खपत नाही, आणि छोटे अंक त्यानेच बंद पडतात.

'आवाज'च्या खिडकीचित्रांना जरा जपा. कापलेल्या खिडकीतून मागच्या चित्राचा एक तुकडा दिसतो आणि पान उलटलं की भलतंच निघतं, म्हणून प्रत्येकजण ते पान चार-चार वेळा उलटतो. खिडकीचा खालचा उजवा कोपरा आधी फाटतो. बोट खिडकीत न घालता पान बाहेरच्या कडेने उलटा.

काय बिघडतं

चकलीचा हात. साध्या कागदावर तेलाचा डाग पडला तर तो मागच्या बाजूला उतरतो. लगेच टाल्कम पावडर दोन्ही बाजूंनी भुरभुरवा, वरखाली टिपकागद ठेवा आणि रात्रभर जड पुस्तक ठेवा. डाग पूर्ण जात नाही, पण पसरायचा थांबतो. गुळगुळीत कागदावर चहा सांडला तर आणखी घाई हवी: अंक मिटलेला वाळू दिला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ओल्या पानांच्या मधे साधे कागद घाला, दर तासाला बदला, पंख्याखाली उभा उघडा ठेवा. उन्हात ठेवू नका, पानांना लाटा येतात.

पान सुटलं तर सेलोटेप नको, ती पुढे पिवळी पडते आणि अक्षरं खाते. कण्याकडच्या कडेला एक-दीड मिलिमीटर रुंद पांढऱ्या गोंदाची रेघ ओढा, पान जागी बसवा, वर वजन ठेवा, दोन तास.

पाहुणे अंक नेतात. "बसमध्ये वाचायला" म्हणून नेलेला अंक साताऱ्याला राहतो. यावर उपाय एकच: भिशीचे अंक बैठकीच्या टीपॉयवर ठेवायचे नाहीत, झोपायच्या खोलीत ठेवायचे. टीपॉयवर आपला स्वतःचा एखादा ठेवा.

उशिराला दंड लावू नका. दिवसाला पाच रुपये ठेवले की लोक वीस दिवसांचे शंभर रुपये हसत भरतात आणि अंक ठेवून घेतात, पैसे दिले की हक्कच मिळाल्यासारखं होतं. त्याऐवजी उशीर करणाऱ्याचा पुढच्या फेरीत निवडीचा नंबर शेवटचा. हरवला तर नवी प्रत आणून द्यायची, मिळत नसेल तर छापील किंमत. गावी जाणाऱ्याने जायच्या आधी अंक कपाटात ठेवायचा, वाचून झालेला असो वा नसो.

बैठका दोनच

महिन्याला बैठक ठरवली तर दुसऱ्या महिन्यात चारजण येतात. पाचव्या फेरीनंतर, जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक. बारा माणसं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटांत आटोपतं. कथानक सांगायला बंदी. आवडलेल्या मजकुरातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तो का निवडला ते दोन वाक्यांत. हे न ठरवल्यास एकजण पंधरा मिनिटं गोष्ट सांगतो आणि ती ज्यांनी वाचली नाही त्यांची वाचायची इच्छाच जाते. जानेवारीच्या बैठकीचा खरा उपयोग वेगळा आहे: कपाटात 'क' वर 'क' साठलेले अंक कोणते, ते तक्त्यात तेव्हा दिसतं. असा अंक कुणीतरी वाचलेला असतोच. त्याला त्यातलं एक पान वाचून दाखवायला सांगा, पुढच्या फेरीत तो अंक उचलला जातो.

२१ मार्चला

सगळे अंक मोजून घ्या. बारा घरांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक अंक कायमचा द्या. मानाच्या चारांसाठी आधी वेगळ्या चिठ्ठ्या टाका, म्हणजे रुसवे-फुगवे तिथेच मिटतात. उरलेल्या सहांतले मुलांचे दोन जवळच्या शाळेच्या वाचनपेटीला आणि बाकीचे चार वृद्धाश्रमाला किंवा दवाखान्याच्या बाकाला. तिथे मोठ्या अक्षरांचे अंक द्या, बारीक टायपाचे कुणी उघडत नाही.

पाकिटातल्या चिठ्ठ्या मात्र अंक देण्याआधी काढून घ्या आणि वहीच्या मागच्या पानांवर क्रमांकाने चिकटवा. कोजागरीला पुढची यादी करताना या चिठ्ठ्या आधी काढायच्या. ज्या अंकाच्या चिठ्ठीवर दहा हातांचं अक्षर आहे तो राहतो, भांडणाची असली तरी. दोनच ओळी आहेत त्याच्या जागी दुसरा बघायचा. वर्गणीतले उरलेले पैसे वहीच्या पहिल्या पानावर लिहून तसेच पुढे न्या. दीड-दोनशे उरले असतील, तर पुढच्या वर्षीचं प्लास्टिक त्यातच येतं.